जुना लॅपटॉप, नवी प्रणाली



मी सरकारी खात्यातला डिप्लोमावाला, संगणकतज्ज्ञ नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. आमचा २०१५चा लॅपटॉप विंडोज ११ घेईना. तिला टीपीएम २.० लागते आणि प्रोसेसरही नवा लागतो. पण याच लॅपटॉपवर बाबांनी आमच्या घराण्याच्या इंदूरमधल्या चार पिढ्यांच्या आठवणी टाइप केल्या आहेत. तो भंगारात द्यायला मन होईना.

लिनक्स मिंट टाकायचे ठरवले. आधी बाबांची फाइल दोन पेनड्राइव्हवर उतरवली. कारण ‘डिस्क पुसा’ म्हटले की परतीची वाट नाही. मग तिसऱ्या पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून पाहिले. पडदा, आवाज, कळफलक ठीक; वायफाय गायब. तरी धीर करून इन्स्टॉल केले.

वायफायची चिप ब्रॉडकॉमची. तिचा ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा, आणि नेटच नाही! शेवटी मोबाइल तारेने जोडून यूएसबी टेदरिंग केले, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला. तरी चालेना. रात्री साडेबाराला बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केले, तेव्हा वायफाय दिसले.

बाबांनी युनिकोडमध्ये टाइप केले होते, म्हणून लिब्रेऑफिसमध्ये काना-मात्रा शाबूत उघडल्या. चष्मा पुसत ते म्हणाले, “चल, पुढचे प्रकरण लिहितो.”

मंडळी, प्रणाली कोणतीही घ्या. पण आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या लिखाणाची एक प्रत आधी काढा.

गणपती बाप्पा मोरया!