लष्कराचा मीटर आणि आमचा टेम्पो

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, गटाच्या टेम्पोचं काम बघणाऱ्या ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच ठेवलं आहे.)

ताईंनो, मागच्या सभेत आमच्या गटाचा जमाखर्च वाचला, तेव्हा दोन ओळींवर बऱ्याच जणींनी बोट ठेवलं. एक, 'बॅटरी ५,२०० रुपये'. दुसरी, 'मीटर, निकामी, ७०० रुपये'. अध्यक्षताई म्हणाल्या, पुढच्या वेळी तूच उभी राहून सांग. दोन्ही खर्चांवर सही माझी आहे, म्हणून सांगते.

आमचा टेम्पो गटानं कर्ज काढून जुना घेतलेला. पहाटे भाजी भरून साताऱ्याच्या मार्केटला जातो. पावसाळा सरता सरता तो सकाळी चालूच होईना. चावी फिरवली की स्टार्टर कण्हायचा आणि गप्प. एक दिवस मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरून झालेल्या आणि गाडी जागेवर. धक्के मारून मारून आठ वाजले. माल पोचला तोवर लिलाव उरकलेला, मेथी मिळेल त्या भावाला दिली. त्या महिन्याचा हप्ता आम्ही सगळ्यांनी घरातून घातला.

मेकॅनिक आला, बॉनेट उघडलं, म्हणाला बॅटरी गेली. नवी घातली, जुनी त्यानंच नेली. आठ दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता म्हणाला स्टार्टर बदला, साडेसहा हजार. त्यानं मीटर एकदाही लावला नव्हता, आणि 'लावून दाखव' म्हणायचं मलाही सुचलं नव्हतं.

माझे धाकटे दीर सैन्यात ईएमईमध्ये होते. लष्कराच्या गाड्या नि यंत्रं दुरुस्त करणारी ती शाखा. फोनवर म्हणाले, "वहिनी, स्टार्टरला हात लावू देऊ नका. आधी मोजा." कशानं मोजू, तर म्हणाले पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करातनं निघालेले मीटर येतात, चांगले दणकट असतात.

आता हा माल येतो कुठून ते सांगते. लष्कराचं वापरातून काढलेलं सामान ई-लिलावात ढिगानं विकतात. एमएसटीसी नावाची सरकारी कंपनी असे लिलाव करते. व्यापारी अख्खा ढीग उचलतो, त्यात काही चालू, काही मोडकं. त्यातला थोडा माल फिरत फिरत मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात येतो. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. म्हणजे 'मिलिटरीचा आहे' असं दुकानदार सांगतो तेव्हा एक ध्यानात ठेवायचं, की मिलिटरीनं तो काढून टाकलाय. का काढला, ते त्याला ठाऊक नसतं.

मला हे तेव्हा कळत नव्हतं. मी एकटीच गेले. हिरवा रंग, जाड काच, वर नंबर ठोकलेला. मीटर हलवून बघितला, सुई छान डुलली. म्हटलं चालू आहे. ७०० रुपये मोजले. घरी आणून बॅटरीला लावला तर सुई जागची हलेना. दीरांनी उघडून बघितला, आतली कॉइल तुटलेली. म्हणाले, "वहिनी, सुई हलवल्यावर मेलेल्या मीटरचीपण हलते."

दुसऱ्या वेळी त्यांनाच बरोबर घेतलं, आणि पैसे गटाचे नाही, शेळी विकलेले माझे नेले. पिशवीत एक नवा जाड सेल, एक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक पेचकस. बस्स.

तिथं एक ॲव्होमीटर मिळाला. हा इंग्लंडचा. १९२३ पासून निघायचे ते थेट २००८ पर्यंत. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची पहिली अक्षरं जोडून नाव ठेवलंय. काळी पेटी, वर दोन मोठे फिरते खटके, आणि वजन असं की भाजीच्या पिशवीत ठेवला तर पिशवी एका बाजूला कलते.

दीरांनी दुकानापुढंच फळीवर आडवा ठेवून तपासला. आधी सुई शून्यावर बसते का बघितलं. मग सेलचं झाकण उघडलं, कारण जुना सेल आत फुटला असला तर हिरवी-पांढरी बुकटी साठते आणि पत्र्या खाऊन टाकते. आमच्यात थोडी होती, खरवडल्यावर पत्री शाबूत निघाली. नवा सेल घातला. १० व्होल्टवर ठेवून चौकोनी बॅटरी लावली, सुई नऊच्या जरा पुढं गेली. मग ओहमवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली आणि बारका खटका फिरवून सुई उजवीकडच्या शून्यावर आणली. तिथवर आली नसती तर घ्यायचा नाही असं ठरलेलं. यात आणखी एक १५ व्होल्टची बॅटरी लागते, ती आता सहसा मिळत नाही. पण ती फक्त मोठ्या ओहमला, आपल्या गाडीला नाही लागत. दुकानदार चिडला होता, "घ्यायचाय का परीक्षा घ्यायचीय?" ११०० ला दिला. वायरींचं रबर तडकलेलं, त्या नव्या घातल्या.

आता टेम्पो. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट. एवढे असले की बॅटरी भरलेली. १२ च्या खाली गेली तर रिकामी समजा. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजेत, नाहीतर चार्जिंग होत नाही. स्टार्टर मारताना बॅटरीवर ११ च्या जवळ होते, म्हणजे बॅटरीला काही झालं नव्हतं.

मग दीरांनी जे केलं ते त्या मेकॅनिकनं करायला हवं होतं. काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर. मला म्हणाले चावी मारा. बॅटरी आणि इंजिन जाड केबलनं जोडलेले असतात, तेव्हा इथं सुई जवळपास हलायलाच नको, फार तर ०.२ व्होल्ट. आमची सुई दोनच्या आसपास गेली! तेवढे व्होल्ट वाटेतच मरत होते, मग स्टार्टर कण्हणार नाहीतर काय. खाली वाकून बघितलं तर अर्थिंगच्या केबलचा बोल्ट चिखलानं आणि गंजानं भरलेला. काढला, पॉलिश पेपरनं घासला, नवा वॉशर टाकला, आवळला. खर्च वीस रुपये. स्टार्टर अजून तोच आहे, बॅटरी मात्र उगीच बदलली.

हे मोजताना आधी मीटर २५ व्होल्टवर ठेवायचा, मग हळूच खाली आणायचा. केबल साफ तुटलेली असली तर पूर्ण बारा व्होल्ट येतात आणि सुई आपटते. अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन खुंट्यांना कधीच लावायचा नाही. ओहमवर असताना चालू वायरीला लावायचा नाही. आणि मोटारीच्या थ्री फेज पेटीत हा जुना मीटर अजिबात घालू नका. माझ्या पुतण्यानं विचारलं होतं, मी नाही दिला.

काही जणी विचारतात, आम्हीपण जुना बाजार गाठू का? बरोबर तपासणारं माणूस असेल तर जा. नसेल तर गावातल्या दुकानात नवा साधा डिजिटल घ्या, गाडीला पुरतो. नवीन गाड्यांत सेन्सर असतात, तिथं तर डिजिटलच बरा. मला सुईचा आवडतो, कारण स्टार्टर मारताना डिजिटलचे आकडे नुसते पळतात, सुई कुठवर पडली ते डोळ्याला दिसतं. ही माझी आवड झाली.

मीटर सध्या माझ्या घरी आहे, गटाच्या नावावर नाही. तो गटानं ११०० ला घ्यावा का, हा विषय पुढच्या बैठकीत आहे. ७०० ची ओळ मात्र जमाखर्चात तशीच राहू द्या म्हणून मी सांगितलंय. ज्यांच्या टेम्पोची, ट्रॅक्टरची तक्रार आहे त्यांनी गुरुवारी दुपारनंतर या, दीर घरी असतात. येताना गाडीची चावी विसरू नका, मागच्या वेळी एक ताई नुसत्याच आल्या होत्या.