कामगाराचे दुसरे घर



ह्या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विद्वानांना ऐकत आला आहात. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दारावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीतील एका मोडक्या कपाटातल्या पुस्तकांवर. असा माणूस ‘घर विकत घेऊन भाड्याने देणे’ ह्या विषयावर काय बोलणार, असे पत्रिका वाचून काहींना वाटले असेल. एका स्नेह्याने तर आम्हांला तोंडावरच विचारले, “काय हो, आता संघटनेत घरमालकीची शिकवणी सुरू केली की काय?”

थट्टेचा भाग सोडून द्या. खरी गोष्ट अशी की, गेल्या काही वर्षांत ही शिकवणी आमच्या गळ्यात येऊनच पडली आहे. कारखाना बंद होतो, स्वेच्छानिवृत्ती येते, आणि तीस वर्षे यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस जन्मात प्रथमच मोठ्या रकमेचा धनादेश हाती घेऊन कचेरीत येतो. तो विचारतो, “दादा, बदलापूरला एक फ्लॅट घेऊन ठेवू का? बसल्या जागी भाडे येईल.” हे ‘बसल्या जागी’ शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकले आहेत की, आजचे व्याख्यान त्या दोन शब्दांवरच आहे असे समजा.

आमचा जन्म लालबागच्या एका चाळीतला. वडील गिरणीत साच्यावर होते. ही चाळ म्हणजे काय होते? कोणा एका धनिकाने भांडवल गुंतवून बांधलेली, भाडे मिळवून देणारी इमारतच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न सरकार-दरबारी पोचला; परंतु बहुतेक कामगार राहिला तो खाजगी मालकांच्या चाळींतच. एक खोली, बाहेर व्हरांडा, टोकाला सामाईक नळ आणि संडास. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त भाडेकरू, हा त्या गुंतवणुकीचा हिशेब होता.

मग भाडेनियंत्रण आले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली मुंबईत त्याची सुरुवात झाली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधून टाकले. ह्या कायद्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आमच्या घरातला पगार थांबला. तेव्हा डोक्यावर छप्पर राहिले ते खोलीचे भाडे अठरा रुपये होते म्हणून.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. अठरा रुपयांत जिन्याची फळीसुद्धा बदलत नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, त्याचा मेहताजी पावतीपुस्तक घेऊन येई तेवढाच संबंध उरला. भाडे वाढवता येत नाही म्हणून नव्या भाडेकरूकडून पागडी घेण्याची चाल पडली. मुंबई बेटावर दर पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या. शेवटी १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावे लागले; उपकर देणाऱ्या इमारतींची संख्या आरंभी १९ हजारांच्या वर होती. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, इतकी वर्षे गोठवलेले भाडे आता न्याय्य राहिलेले नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. पण चार दशके न झालेली दुरुस्ती अशाने थोडीच भरून निघते! मालकाला वाटले भाडे म्हणजे पैशावरचे व्याज, भाडेकरूला वाटले घर म्हणजे हक्क. इमारतीची चाकरी करायची कोणी, हा प्रश्न दोघांनीही सोडला. आणि छत पडले तेव्हा ते वरच्या मजल्यावर झोपलेल्या मुलांवर पडले.

आता त्या चाळीतला मुलगा स्वतः घरमालक होऊ पाहतो. त्याला आम्ही प्रथम पाटी-पेन्सिल घ्यायला लावतो. समजा, घर तीस लाखांचे आणि भाडे महिना आठ हजार. वर्षाचे झाले शहाण्णव हजार. एक महिना घर रिकामे राहिले, आठ हजार गेले. सोसायटीचा खर्च महिना दीड हजार धरला तर अठरा हजार. मालमत्ता कर पाच हजार, दुरुस्तीसाठी आठ हजार, दलाली आणि करारनाम्याचे पाच हजार. खाली उरले बावन्न हजार. तीस लाखांवर हे पावणेदोन टक्केही होत नाहीत! बँकेची मुदत ठेव ह्याहून कितीतरी अधिक देते, आणि तिचा नळ गळत नाही. त्यात वीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी, नऊ टक्क्यांनी काढले असेल तर हप्ता अठरा हजारांच्या घरात जातो. भाडे आठ आणि हप्ता अठरा. हे दहा हजार कोठून यायचे?

“पण दादा, किंमत वाढेल ना?” वाढेल कदाचित. मात्र वाढलेली किंमत विकल्याखेरीज हाती येत नाही, आणि आजारपणात घराची एक भिंत तोडून विकता येत नाही. म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की निवृत्तीचा सगळा पैसा एका घरात कोंडू नका. दोन वर्षांचा घरखर्च आणि औषधपाणी बाजूला काढून जे उरेल, त्याचाच विचार करा.

एवढे ऐकूनही ज्याला घर घ्यायचे आहे, त्याने ते पायी हिंडून शोधावे. स्टेशनपासून सकाळच्या गर्दीत चालत किती मिनिटे लागतात ते पाहावे, कारण भाडेकरू रोज तेवढे चालणार आहे. पाणी किती वेळ येते हे दलालाला विचारू नये. जिन्यात भेटणाऱ्या बाईला विचारावे. एकदा भर पावसात जाऊन छताकडे बघावे.

कागद त्याहून महत्त्वाचे. मालकीहक्काचा शोध वकिलाकडून घ्यावा, भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहावे, नव्या इमारतीची महारेराकडील नोंदणी तपासावी. पण तेवढ्यानेही भागत नाही. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण आपण वाचले असेल. खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा हुकूम दिला. घेणारे लोक आपल्यासारखेच पगारदार होते. म्हणून महापालिकेच्या नगररचना खात्यात स्वतः जाऊन परवानगी खरी आहे का, हे विचारावे. एक दिवसाची रजा गेली तरी चालेल.

घर घेतले की खरे काम सुरू होते. करारनामा लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वाद झाला म्हणून पाणी किंवा वीज तोडणे हा गुन्हा आहे. सोसायटी बिगरभोगवटा शुल्क मागते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. आणि भाडेकरू निवडताना त्याची जात, धर्म, ताटातले जेवण विचारू नका. एकट्या बाईला घर नाकारू नका. आपल्या बापजाद्यांना ह्याच प्रश्नांनी शहरभर हिंडवले होते.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला संकोच वाटतो. अंबरनाथला आमचीही एक खोली आहे. पत्नीच्या नोकरीच्या भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली. तिथे औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारा एक तरुण, बायको आणि लहान मुलीसह राहत होता. २०२० साली टाळेबंदी झाली. त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरमालकांना तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली. संघटनेतर्फे आम्ही तीच सूचना पत्रके काढून सर्वांना कळवली. आणि घरी बसून वहीत लिहिले : तीन महिन्यांचे भाडे, अनामतीतून वजा. तो गावी जायला निघाला तेव्हा रंगकामाचे म्हणून आणखी सहा हजार कापले. भिंतीवर मुलीने खडूने चित्रे काढली होती. तो काही बोलला नाही. उरलेले पैसे मोजून घेतले आणि नमस्कार करून गेला.

पत्नीने एवढेच विचारले, “गेटसभेत बोलता ते घरी येताना कुठे ठेवून येता?”

पुढे त्याचा शोध केला. फोन बंद होता, गावाचा पत्ता करारनाम्यात होता त्यावर पाठवलेली मनीऑर्डर परत आली. ते पैसे अजून निराळ्या खात्यात पडून आहेत. वीस वर्षे आम्ही मालकांच्या तोंडावर त्यांचे हिशेब वाचून दाखवले. स्वतःची वही वाचायला एवढा उशीर झाला.

तेव्हापासून काही नियम पाळतो. अनामत ही परक्याची ठेव समजून वेगळ्या खात्यात ठेवतो. घर देताना भिंती, नळ, दिवे ह्यांची यादी करून दोघांच्या सह्या घेतो. नेहमीच्या वापराने जे झिजते त्याचे पैसे कापत नाही. रंग आमच्या खर्चाने. वर्षाला एक महिन्याचे भाडे दुरुस्तीसाठी बाजूला काढतो, आणि नळाची तक्रार आली की आठवड्याच्या आत जातो. हा काही धर्मादाय नव्हे. असा भाडेकरू वर्षानुवर्षे टिकतो, घर रिकामे राहत नाही, आणि वर पाटीवर मांडलेला हिशेब थोडा तरी सुधारतो.

बंधुभगिनींनो, भाडे हे भांडवलाचे व्याज आहे असे समजून घर घेऊ नका. ती घर राखण्याची मजुरी आहे. काम केले तरच तिच्यावर आपला हक्क. ज्याच्या अंगी हे काम करण्याची उमेद असेल त्याने खुशाल दुसरे घर घ्यावे. ज्याला बसल्या जागी हवे असेल त्याने बँकेत जावे, तिथे बसायला खुर्ची तरी मिळते.