आवाज जपायचा तर आधी यादी

लोकांनी चालवलेल्या रेडिओची जुनी ध्वनिमुद्रणं जपायला पैसा कुठून आणायचा, हा आजचा विषय. त्यासाठी अमेरिकेतल्या बर्कली शहरापासून सुरुवात करावी लागते. १५ एप्रिल १९४९ रोजी तिथे केपीएफए हे केंद्र सुरू झालं. लुइस हिल आणि त्याच्या युद्धविरोधी सहकाऱ्यांनी जाहिराती नाकारल्या आणि ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर केंद्र चालवायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैसे संपून प्रक्षेपण बंद पडलं. श्रोत्यांनी निधी जमवला, एका प्रतिष्ठानाचीही मदत झाली, आणि मे १९५१मध्ये केंद्र पुन्हा बोलू लागलं. त्यातून पॅसिफिका ही पाच केंद्रांची साखळी उभी राहिली. तिच्यातलं ह्यूस्टनचं केंद्र १९७०मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी त्याचं प्रक्षेपण यंत्र दोनदा स्फोटाने उडवण्यात आलं. इतक्या विरोधाला पुरून उरलेले हे आवाज आज लॉस एंजेलिसच्या संग्रहात टेपांवर आहेत. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांची १९५६ची मुलाखत त्यांत आहे.

या टेपा संपवायला आता स्फोटाची गरज उरलेली नाही, दमट हवा पुरते. १९७०नंतर बनलेल्या अनेक टेपांमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा थर ओलावा शोषतो. अशी फीत यंत्रावर चढवली की ती अडखळते, कर्कश ओरडते आणि हेडवर तपकिरी किट्ट सोडते. ध्वनी साठलेला असतो तो त्या किट्टातच; फीत पुन्हा फिरवली की तो आणखी खरवडला जातो. म्हणून ती आधी पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद तापवतात. त्यानंतर काही आठवडे ती धड वाजते, तेवढ्यात नक्कल उतरवून घ्यायची. एका तासाची फीत उतरवायला किमान एक तास लागतोच, आणि मग ती ऐकून बोलणारा कोण, विषय काय, साल कोणतं हे कुणीतरी लिहून काढावं लागतं. उत्तम प्रतीच्या एका तासाच्या स्टिरिओ नकलेला सुमारे दोन जीबी जागा पुरते, आणि ती जागा आज स्वस्त आहे. महाग आहे तो जाणत्या माणसाचा वेळ, आणि निधी मागणाऱ्यांच्या पत्रकात नेमकं तेच कलम नसतं. तिथे यंत्राचा फोटो असतो आणि दोन-चार थोरांची नावं असतात.

माझं म्हणणं असं, की पहिला रुपया फितींच्या यादीसाठी मागावा, आणि तो श्रोत्यांकडेच मागावा. फडताळात काय आहे हे माहीत नसताना केलेलं आवाहन भावनेवर चालतं, आणि भावना एका हंगामात ओसरते. पॅसिफिकाच्या संग्रहाने १९६३ ते १९८२ या काळातल्या अमेरिकी स्त्रियांच्या ध्वनिमुद्रणांचा वेगळा संच करून त्याच्या जतनासाठी सरकारी अनुदान मिळवलं. कुठल्या फितीवर कोण बोलतंय हे ठाऊक असल्याशिवाय असा संच बांधताच येत नाही. यावर कुणी म्हणेल, एखादा मोठा दाता गाठा आणि एकदाचं काम उरकून टाका. दाता जरूर गाठावा. पण तो गाजलेल्या नावांच्या फिती निवडतो, आणि त्याचा पैसा एकदाच येतो. नकला मात्र दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर न्याव्या लागतात. हा खर्च कायमचा आहे, म्हणून त्याला वर्गणीसारखी वर्षाला येणारी रक्कमच हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिकांचे भाव, पाण्याच्या तक्रारी, गावातल्या बायकांच्या गप्पा हे सगळं जपायचं कशाला? आपण मराठी माणसांनी तरी हा प्रश्न विचारू नये. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगावची घरं धुंडाळून माळ्यावरची दप्तरं गोळा केली, तेव्हा अनेक घरांना ती रद्दीच वाटत होती. त्यातूनच १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड निघू लागले. कुठला कागद उद्या बोलेल हे घरमालकाला कळलं नव्हतं, आणि कुठली फीत बोलेल हे आज आपल्यालाही कळणार नाही. सगळंच ठेवणं परवडणार नाही, हे मला मान्य आहे. पण यादी न करता टाकणं याला निवड म्हणत नाहीत, तो निष्काळजीपणा आहे.

रेडिओचं हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितलं. सरकारच्या २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना रेडिओ चालवता येऊ लागला, आणि २००८मध्ये म्हसवडला माणदेशी तरंग, तर झहीराबादजवळ दलित स्त्रियांचा संघम रेडिओ सुरू झाला. त्याच धोरणात प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपण्याची अट आहे. त्यापुढचं जतन केंद्राच्या ऐपतीवर आणि आपल्या इच्छेवर अवलंबून आहे. संगणकावरची फाईल टेपसारखी किट्ट सोडत नाही, पण डिस्क बिघडली की एका दिवसात सगळं जातं. तेव्हा तुमच्या भागात असं केंद्र असेल तर तिथे जा आणि जुन्या कार्यक्रमांची यादी मागा. ती नसेल, तर ती करायला लागणाऱ्या माणसाच्या पगारासाठी वर्षाची वर्गणी द्या, आणि पावतीवर तसं स्पष्ट लिहून घ्या.