मुकादम गेला, मुकादमी राहिली



आपल्यात मुलुंड-घाटकोपरच्या कारखान्यांत जन्म घालविलेली वडीलधारी मंडळी आहेत, तशीच अंधेरीच्या सीप्झमध्ये रोज जाणारी तरुण मुलेमुलीही आहेत. दोन्ही पिढ्यांना माझा प्रश्न एकच. नोकरीत माणूस खचतो कशाने? कष्टांना आपला माणूस सहसा भीत नाही. वरच्याच्या लहरीवर दिवस काढावे लागले की मात्र तो आतून मोडतो.

ही लहर जुनी आहे. गिरणगावात माणूस कामावर घेणे आणि काढणे व्यवहारात जॉबराच्या हाती असे. बायकांच्या खात्यांत नायकिणीच्या. लागायचे तर दस्तुरी द्या, टिकायचे तर पुन्हा द्या. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात सांगितले, की नोकरभरती आणि बडतर्फी जॉबराकडून काढून घ्या. जॉबर जात्याच दुष्ट असे, असे मी म्हणत नाही. त्याच्याही मानेवर उत्पादनाचा तगादा असे. अडीनडीला उसने पैसे मिळवून देणाराही पुष्कळदा तोच. पण त्याला जाब विचारणारा कोणी नव्हता, आणि सारा अनर्थ तेथेच होता.

आज जॉबर नाही. पण चारचौघांत होणारा पाणउतारा आहे, रजेचा अर्ज दाबून ठेवणारा साहेब आहे, आणि बोरिवलीची गाडी पकडून घरी पोचलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता कामाला जुंपणारा मोबाइल आहे. कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. त्याच हक्कासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

मग तक्रार कोठे न्यावी? लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या कचेरीत समिती सक्तीची केली. पण रोजच्या अपमानाचे काय? वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती हवी, ही तरतूद २०१० साली कायद्यात आली. तथापि तक्रारदाराचे नाव संध्याकाळपर्यंत साहेबाच्या कानी जाणार असेल, तर त्या समितीची पायरी कोण चढेल?

येथे नारायण मेघाजी लोखंड्यांचे स्मरण होते. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागितले काय? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. मालकाच्या मर्जीतल्या गोष्टी नियमात आणा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. रविवारची सुटी मिळाली १० जून १८९० रोजी. म्हणजे सहा वर्षांनी.

आज आपण ती सुटी उपभोगतो, आणि साहेबाने रविवारी बोलावले की निमूटपणे जातोही. तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. आपल्या कचेरीत अशी समिती आहे का, तिच्यावर आपला माणूस कोण, हे उद्या विचारा; पण एकट्याने विचारू नका. एकट्याचा अर्ज फाडून टाकणे सोपे असते. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या गोळा केल्या, त्या काही हौसेखातर नव्हेत.