पदवीचा उंबरठा आणि त्याची न लिहिलेली किंमत

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठाची नियमावली हा रूक्ष विषय आहे. पक्षाच्या अभ्यासवर्गात तिची चर्चा कशाला, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु कामगाराच्या किंवा शेतमजुराच्या घरातून प्रथमच एम.ए.पर्यंत पोहोचलेली मुलगी पुढे शिकावयाचे ठरवते, तेव्हा तिला सर्वप्रथम याच नियमावलीला सामोरे जावे लागते. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवावयाचे, हे ठरवणारा कोणताही नियम वर्गनिरपेक्ष असत नाही. म्हणून आधी नियम काय आहे ते नेमके समजून घेणे आणि मग तो कोणावर कसा चालतो ते तपासणे, असा क्रम येथे ठेवला आहे.

नियम काय सांगतो

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांच्या पदवीबरोबर चार वर्षांची पदवी आणली. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचा, असे दोन मार्ग त्यातून निर्माण झाले. त्यांच्या पुढची पायरी पीएच.डी.ची. तिच्या किमान अटी विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जारी केलेल्या विनियमांत सांगितल्या आहेत.

या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीधराला किमान ५५ टक्के गुण हवेत. चार वर्षांची पदवी घेतलेल्याला थेट पीएच.डी.ला जाता येते, परंतु त्यासाठी ७५ टक्क्यांची अट आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रिमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम ५५ टक्के गुणांनी पुरा करावा लागतो. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना ही मर्यादा एकूण दहा वर्षांपर्यंत वाढवून मिळते. संपूर्ण काळात स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन पुरे व्हावे, अशीही तरतूद आहे. प्रबंधापूर्वी नियतकालिकात निबंध छापून आणण्याची २०१६ ची सक्ती २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली.

याच विनियमांनी एम.फिल. मात्र बंद केली. एक-दोन वर्षांत पुरी होणारी ही पदवी म्हणजे एम.ए. आणि पीएच.डी. यांमधली एक पायरी होती. सहा वर्षांचा भार एकदम उचलणे ज्यांना शक्य नव्हते, अशांना त्या पायरीवर थांबून दम घेता येत असे. ती काढून घेतल्यामुळे उंबरठ्याची उंची कागदावर तेवढीच राहिली; ज्यांचे पाय आधीच थकलेले आहेत त्यांच्यासाठी मात्र ती वाढली.

न लिहिलेली अट

नियमावलीत टक्के, श्रेयांक आणि वर्षे आहेत. ही वर्षे जगावयाची कशी, याचे उत्तर त्यात नाही. खरी किमान अट तीच आहे आणि ती कोठेही लिहिलेली नाही.

राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरवण्यात आले. केंद्रीय विद्यापीठांत ही वृत्ती नसलेल्या संशोधकासाठी दरमहा ८,००० रुपयांची तरतूद होती. एकाच ग्रंथालयात, एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली, एकाच पदवीसाठी राबणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी! आणि तेवढेही ऑक्टोबर २०१५ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा दिल्लीत आयोगाच्या दारात विद्यार्थ्यांना ठिय्या द्यावा लागला. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी २००९ पासून चालू असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२ मध्ये बंद करण्यात आली. पात्रतेचे टक्के तसेच राहिले, पात्र ठरलेल्याची भाकरी मात्र गेली.

नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, असे सांगितले जाईल. ती आहे हे खरे. परंतु तीसाठी उमेदवाराने आपल्या आस्थापनेचे ना-हरकत पत्र आणले पाहिजे. अभ्यासाला परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी मोकळे करू, असे त्या पत्रात लिहून द्यावे लागते. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला किंवा अधिकाऱ्याला हे पत्र मिळू शकेल. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाला, कंत्राटी परिचारिकेला ते कोण देणार? ज्याची नोकरीच अकरा महिन्यांची, त्याला सहा वर्षांचा शब्द कोण देणार? ज्ञानाच्या दाराची किल्ली येथे मालकाच्या खिशात ठेवली आहे.

मार्गदर्शकांची संख्या हा आणखी एक अडसर. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. मर्यादा रास्त आहे. परंतु शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या, की संशोधकांच्या जागा आपोआप बुडतात. अशाच मर्यादेचा आधार घेऊन २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संशोधनाच्या जागांमध्ये मोठी कपात झाली. २०१६ च्या विनियमांत तर लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपवली होती. विद्यार्थ्यांच्या तीव्र विरोधानंतर २०१८ च्या दुरुस्तीने लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार आला. नियम आकाशातून पडत नाहीत. ते लढ्याने बदलतात.

एक जुना दाखला

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपण अभिमानाने सांगतो. त्या पदव्यांमधल्या तारखाही वाचल्या पाहिजेत. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेल्यानंतर, १९२७ मध्ये मिळाली. कारण छापील प्रती सादर करणे ही तेथील तेव्हाची अट होती. बुद्धीची कसोटी त्यांनी केव्हाच ओलांडली होती. चौदा वर्षे अडवले ते पैशाने.

दार उघडणे पुरेसे नाही

मग अटीच रद्द केल्या तर? सोव्हिएत सत्तेने हा प्रयोग केला. २ ऑगस्ट १९१८ च्या आदेशाने सोळा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, प्रमाणपत्र न मागता आणि शुल्क न घेता, उच्च शिक्षणाचे दार उघडण्यात आले. परंतु पूर्वतयारी नसलेला कामगार वर्गात बसला तरी व्याख्यान त्याच्या हाती लागेना. म्हणून १९१९ पासून कामगार विद्याशाखा, म्हणजेच ‘राबफाक’, उभ्या राहिल्या. तेथे कामगार-शेतकऱ्यांची विद्यापीठासाठी तयारी करून घेतली जाई आणि त्यांच्या निर्वाहाचीही सोय पाहिली जाई. १९१८ मध्ये रद्द केलेल्या शास्त्रीय पदव्या १९३४ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आल्या. यातून धडा असा निघतो: कसोटी ठेवणे हा अन्याय नव्हे, कसोटीपर्यंत पोहोचण्याचे साधन हिरावणे हा अन्याय होय.

आपल्यातही काहीजण पदवीला बुर्झ्वा अलंकार म्हणून हिणवतात आणि दामोदर कोसंबींसारख्या विद्वानाचे उदाहरण देतात. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला मार्क्सवादी पद्धतीची भक्कम बैठक देणाऱ्या कोसंबींजवळ डॉक्टरेट नव्हती, हे खरे. परंतु हार्वर्डची १९२९ ची पदवी त्यांच्याजवळ होती आणि विद्वत्तेचा वारसा घरातच होता. शेतमजुराच्या मुलीला तो वारसा नाही. तिच्यासाठी पदवी ही पोटाची आणि प्रतिष्ठेची, दोन्हींची लढाई आहे. तिला पदवीची निरर्थकता सांगणे हा पुढारलेल्यांचा चोचला झाला.

आपले काम

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. प्रवेश मिळालेल्या प्रत्येक संशोधकाला निर्वाहापुरती आणि वेळेवर वृत्ती. बंद केलेल्या अधिछात्रवृत्त्यांची पुनःस्थापना. शिक्षकांच्या रिक्त जागांवर कायम नेमणुका. आणि अर्धवेळ संशोधकाला ना-हरकत पत्र देणे आस्थापनेवर बंधनकारक.

मागण्यांच्या जोडीला रोजचे कामही आहे. सवलतीचे ५ टक्के, २४० दिवसांची रजा, दहा वर्षांची मुदत, मूल्यमापनाची सहा महिन्यांची मर्यादा, हे हक्क माहीत नसल्यामुळेच अनेकांच्या हातून निसटतात. शाखेतल्या ज्या सभासदाला अर्ज वाचता येतो, त्याने तो शेजारच्या वस्तीत जाऊन वाचून दाखवावा. शिक्षक संघटनेतल्या कॉम्रेडने मुलाखतीच्या खोलीत काय घडते यावर लक्ष ठेवावे. कामगार संघटनेने ना-हरकत पत्राची मागणी आपल्या मागणीपत्रकात घालावी.

किमान पात्रता विद्यार्थ्याने सिद्ध करावयाची असते. तिने ती सिद्ध केल्यावर तिला शिकवण्याची किमान पात्रता आपल्या समाजव्यवस्थेत आहे काय, हा प्रश्न राज्यकर्त्यांना विचारणे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ न बसणे, हे आपले काम आहे.