पडद्यामागचे ठोके

फोन खिशांतून काढावा, कळ दाबावी, आणि आंत यंत्र जागें असूनहि पडदा मात्र काळाच राहावा, असा अनुभव श्रोत्यांपैकीं कित्येकांना आला असेल. त्याचीं कारणें पुष्कळ असतात. त्यांतलें एक मोठें चमत्कारिक आहे.

पडद्यामागें एक घड्याळ अखंड ठोके देत असतें. १९२० बाय १०८० ठिपक्यांचें चित्र सेकंदाला ६० वेळां काढावयाचें, तर न दिसणारी मोकळी जागा धरून प्रत्येक ओळींत २२०० ठिपके व एकंदर ११२५ ओळी मोजतात. गुणाकार १४ कोटी ८५ लक्ष भरतो. सेकंदाला ठोके तितकेच. ते ठरविण्याचें काम ड्रायव्हर नांवाच्या आज्ञावलीचें. लिनक्सच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नलमध्यें, २०१२ सालीं अशा सर्व घड्याळांची समाईक व्यवस्था आली. तोंवर चिपांच्या प्रत्येक घराण्याची तऱ्हा निराळी होती.

ही व्यवस्था प्रत्येक घड्याळाचा वेग टिपून ठेवते. कोणी विचारलें कीं ती सहसा चिपकडे जात नाहीं, टिपलेला आकडा सांगते. यांत आळस नाहीं. वीज तोडलेल्या भागाची नोंद वाचूं गेल्यास कांहीं यंत्रें जागच्या जागीं थिजतात. दुकानदारहि शिल्लक कीर्दीवरून सांगतो, दर वेळीं गल्ला मोजीत नाहीं. मात्र गल्ल्याला परका हात लागतां कामा नये.

पडद्याच्या बाबतींत तो लागतो. पडदा विझला कीं वीज वांचविण्यासाठीं घड्याळाच्या भागाचा पुरवठा तोडतात. चिपमधील नोंदी पुसल्या जातात, टिपण तसेंच राहतें. पुढें ड्रायव्हर पूर्वींचाच वेग मागतो. व्यवस्था कीर्द पाहते, वेग तोच आहे असें तिला दिसतें, आणि ती स्वस्थ बसते. चिपला कोणी कांहीं सांगतच नाहीं! शोध घेणाराने वेग विचारला तर उत्तर अगदीं बरोबर येतें. चित्राचा आकार बदलून १२८० बाय ७२० केला तर नवा वेग, ७ कोटी ४२ लक्ष ५० हजार, खरोखर लिहिला जातो व पडदा उजळतो. मग बिचाऱ्या केबलवर संशय!

टिपणावर न विसंबतां वेग दर वेळीं नव्यानें काढावा, अशी खूण घड्याळावर करतां येते. परंतु पुसलेली नोंद त्यानें परत येत नाहीं. क्वालकॉमच्या चिपांसाठीं असलेल्या एमएसएम ड्रायव्हरांत २०२० सालीं निराळा उपाय झाला. वीज परत आली कीं इतर नोंदींबरोबर मूळ आंदोलकाचा वेगहि ड्रायव्हर स्वतःच चिपमध्यें पुन्हां लिहितो. आणि तो आकडा घेतो स्वतःच्याच टिपणांतून.