कोंबडीची पेशी, माणसाची पेशी

1060 सालचे शिवमंदिर आणि फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले शहर मिरवणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या या पट्ट्याला विषाणूंचे काय, असे कुणाला वाटेल. पण फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि सुमारे 25 हजार कोंबड्या माराव्या लागल्या. 2006 साली नवापुरात देशातली पहिली साथ आली, तेव्हा तर लाखो कोंबड्या गेल्या. माणसाला लागण झाल्याचे मात्र तिथे आढळले नाही.

याचे श्रेय बंदोबस्ताइतकेच आपल्या पेशींनाही द्यावे, असे माझे मत आहे. पेशीत शिरताना विषाणूला येणाऱ्या अडचणींची चर्चा पुष्कळ होते; शिरल्यानंतरच्या अडचणीची फारशी होत नाही. फ्लूच्या विषाणूच्या जनुकांच्या प्रती काढणारे पॉलिमरेज पेशीतल्या एएनपी32ए या प्रथिनाच्या मदतीवाचून चालत नाही. पक्ष्यांच्या या प्रथिनात 33 अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो, आपल्यात तो नसतो. म्हणून पक्ष्यांत मुरलेला विषाणू आपल्या पेशीत अडखळतो, हे लंडनच्या वेंडी बार्कले यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवले.

मग नागपूरच्या गोरेवाड्यात 2024 च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने कसे दगावले? आक्षेप रास्त आहे. विषाणूच्या पॉलिमरेजमधल्या पीबी2 प्रथिनात 627व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले, की सस्तन प्राण्यांच्या पेशीतही त्याचे काम सुरळीत चालते. शिवाय विषाणूची मात्राही मोजावी लागते. 2023 मध्ये ब्रिटनमध्ये एएनपी32एचे जनुक बदललेल्या कोंबड्यांवर प्रयोग झाला. नेहमीच्या मात्रेला दहापैकी नऊ जणी पुरून उरल्या, पण मात्रा हजारपट करताच निम्म्यांना लागण झाली; आणि विषाणूने स्वतःत बदल करून त्या प्रथिनाच्या भावंडांकडूनही काम करून घेतले.

अडसर असा ओलांडता येत असेल तर त्याच्या अभ्यासाचा उपयोग काय, असे विचारणारे घाई करतात. कोणते बदल झाले की तो ओलांडला जातो, त्यांतले काही आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून मेलेल्या पक्ष्याच्या नमुन्यावर ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा मारून भागणार नाही. त्या विषाणूचा जनुकीय क्रम वाचला जावा आणि 627व्या जागी काय सापडले, हे तालुक्याच्या पशुवैद्यकालाही कळावे. पहिल्या सत्रातल्या वक्त्यांनी ही मागणी कसाला लावावी, अशी यजमान म्हणून माझी विनंती आहे.